गाळलेली ओळ

वास्तुशांतीच्या होमाचा धूर अजून हॉलमधून पुरता गेला नव्हता. नव्या फरशीवर अक्षता सांडलेल्या होत्या. गुरुजींच्या पानात वाढायला म्हणून विराज जिलेबीची परात घेऊन निघाला होता, तेवढ्यात फाटकातून त्याचा बाप आत आला.

नऊ वर्षांनी. दीपकचे केस विरळ झाले होते. पांढऱ्या शर्टाची इस्त्री एसटीत चुरगळली होती. त्याचं बोट धरून दोन वेण्या घातलेली एक मुलगी होती, आठेक वर्षांची. ती तोरण, मांडव, पाहुणे सगळं डोळे भरून बघत होती. तो मात्र खालीच बघत होता.

"ह्याला कुणी बोलावलं?" मोहनरावांनी हळू विचारलं, पण हॉलमध्ये सगळ्यांना ऐकू गेलं.

"मी बोलावलं," विराजचे आजोबा, आबा, खुर्चीतून म्हणाले. "आमंत्रणाला माझं नाव घातलंय न्हवं? मग मी बोलावलं."

गेणबा आबांपुढं मोहनराव कधी बोलत नसत. आजही बोलले नाहीत. पण त्यांच्या कपाळावरची शीर विराजला दिसली. नऊ वर्षांपूर्वी धाकटा भाऊ घर सोडून गेला, तेव्हा त्याच्या बायकोला आणि पोराला कऱ्हाटीहून जळोचीत आणून ठेवलं ते मोहनरावांनी. विराजच्या शाळेत सही त्यांची, तापात उशाशी बसलेले ते. विराज त्यांना तात्या म्हणायचा, आणि त्यांच्याच घरात वाढल्यामुळं ते सांगतील ती बाजू आपली, असं त्याला लहानपणापासून वाटत आलं होतं.

स्वयंपाकघराच्या दारात राजलक्ष्मी उभी होती. हातात झारा होता. तिनं नवऱ्याकडं बघितलं, मुलीकडं बघितलं आणि आत जाऊन पुढची पुरी कढईत सोडली.

"जेवा, बसा," आबा म्हणाले. दीपक पंगतीच्या अगदी टोकाला, चपला ठेवल्या होत्या तिथं बसला. मुलगी बसली नाही. ती विराजकडं टक लावून बघत होती. मग वडिलांच्या कानाशी वाकून, पण साऱ्यांना ऐकू येईल अशा आवाजात म्हणाली, "पप्पा, त्यो हाय का?"

तिला आपण कोण ते माहीत आहे. आपल्याला मात्र तिचं नावसुद्धा माहीत नव्हतं.

बारामतीत त्याला न ओळखणारा पोरगा आता शोधावा लागला असता. दोन वर्षांपूर्वी तसं नव्हतं. तेव्हा तो लग्नाच्या वरातीत बँजो पार्टीबरोबर कीबोर्ड वाजवायचा, आणि उरलेल्या वेळात रॅप करायचा. त्याचं पहिलं गाणं होतं तो शहराचा बॉस असल्याचं. त्यात काळी गाडी होती, खेळण्यातलं पिस्तूल होतं, गॉगल होता. संध्याकाळी बागेत रॅप करणारी पोरं जमायची. त्यांच्यात विशाल सगळ्यात जुना. त्यानं ते गाणं मोबाईलवर शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाला, "गाडी भाड्याची हाय ते ठीक. पर लेका, तुझा रागबी भाड्याचा हाय." पोरं इतकी हसली की विराज महिनाभर बागेकडं फिरकला नाही.

परत गेला तो 'आलोच' घेऊन. सातवीचा निकाल लागला त्या दिवशी बापानं त्याला बारामतीच्या स्टँडवर उभं केलं होतं. "पेढं घिऊन आलोच," म्हणाला, आणि इंदापूरच्या गाडीत बसून गेला. पोरगा अंधार पडेस्तोवर उभा होता. कंट्रोलरनं विचारपूस करून शेवटी तात्यांना फोन लावला. हे विराजनं तोवर कुणाला सांगितलं नव्हतं. बागेत कठड्यावर बसून त्यानं ते म्हटलं, तेव्हा कुणी हसलं नाही. विशालनं डोक्यावरची टोपी काढून त्याच्या डोक्यावर ठेवली. "आता तू रॅपर," म्हणाला. "आता लोकं तुझ्यावर इश्वास ठेवतील."

तसंच झालं. कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये, पुण्याच्या स्टेजवर, हजारो पोरांच्या तोंडी 'आलोच'. पोरं येऊन गळ्यात पडायची. माझापण बाप गेला भाऊ, म्हणायची. जे दुखणं आठ वर्षं दप्तरासारखं पाठीवर वाहिलं, त्याची एकदम इज्जत झाली होती.

पंगत उठली आणि मोहनरावांनी हात पुसत आपल्या पोराला हाक मारली. "शिवम, स्पीकर लाव रं. कारखान्याची माणसं आल्याती. आपल्या इराजचं गाणं ऐकू दे त्यास्नी."

विराजला कळलं. तात्या पाहुण्यांसाठी बोलत नव्हते.

"तात्या, आत्ता नको."

"का?"

"असंच. घरची पूजा हाय."

"त्यातलं काय खोटं हाय का?"

"न्हाय."

"मंग लाज तुला कशापाई? ज्याला वाटायला पायजे त्याला वाटू दे." मोहनरावांनी माईक त्याच्या हातात दिला. चुलत्याच्या डोळ्यात पाणी होतं, आणि तेच विराजला नडलं. रागावले असते तर नाही म्हणता आलं असतं.

शिवमनं फोन जोडला. ठेका सुरू झाला. पाहुण्यांनी खुर्च्या वळवल्या, पोरांनी मोबाईल वर धरले. समोर भिंतीला टेकून दीपक उभा होता, शाळेत शिक्षा झालेल्या पोरानं उभं राहावं तसा. विराजनं माईक तोंडाशी नेला. कितीतरी वेळा ह्याच क्षणाचं स्वप्न त्यानं बघितलं होतं. बाप समोर असेल आणि आपण डोळ्यात डोळे घालून म्हणू. पण आवाज फुटेना. ठेका एकदा फिरून आला, दुसऱ्यांदा फिरून आला. पोरं हसून "अरे भाऊ" करायला लागली.

तेव्हा ती मुलगी पुढं आली.

तिला वाटलं असावं, दादा विसरला. शाळेच्या कार्यक्रमात कुणी विसरलं की दुसऱ्यानं सावरायचं असतं, तशा लगबगीनं ती स्पीकरजवळ आली आणि ठेक्यावर पाय टाकून म्हणायला लागली.

"निकाल होता हातामंदी, स्टँडावर मी उभा,
आलोच म्हणला बाप माझा, फिरला न्हाय पुन्हा..."

"आयला!" शिवमनं हसत विराजच्या हातातला माईक घेऊन तिच्यापुढं धरला. कारखान्याच्या पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. "कुणाची रं पोरगी? झकास म्हणती!"

ती खरंच झकास म्हणत होती. विराज जिथं दम घेतो तिथंच दम घेत होती, शब्द ओढतो तिथं ओढत होती. किती वेळा ऐकलं असेल हिनं? एका क्षणी विराजला नुसता आनंद झाला, आपलं गाणं असं कुणी आपलंसं केल्याचा. आणि लगेच पुढं कोणती ओळ येते ते त्याला आठवलं.

"गाडी सुटली इंदापूरची, धूर माझ्या डोळ्यात..."

मुलीनं तोंड मिटलं.

ओठ घट्ट आवळून ती फरशीकडं बघत राहिली. पाय मात्र ठेका धरून होता. स्पीकर मोकळाच वाजत होता, आणि त्या मोकळ्या जागेत न म्हटलेली ओळ हॉलमधल्या प्रत्येकाला ऐकू आली, कारण ती प्रत्येकाला पाठ होती. *बाप माझा गावला त्या टवळीच्या जाळ्यात.* मग मुलीनं मान वर केली आणि पुढची ओळ बरोबर जागेवर उचलली.

आता कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत.

विराजला ती ओळ लिहिल्याचा दिवस आठवला. आठवण्यासारखं त्यात काहीच नव्हतं. 'डोळ्यात'ला यमक हवं होतं. तळ्यात, गळ्यात, मळ्यात असं करत 'जाळ्यात' सापडलं, आणि जाळं म्हटल्यावर ते टाकणारं कुणीतरी लागतं. कपातला चहा निवायच्या आत झालं होतं सगळं. त्या बाईला त्यानं कधी पाहिलं नव्हतं. तिला मूल आहे हे ऐकून माहीत होतं, पण मूल मोठं होतं, शाळेत जातं, गाणी ऐकतं, हे कधी मनात आलं नव्हतं. स्टेजवर ह्या ओळीला तो माईक पब्लिककडं फिरवायचा. सगळ्यात जोरात लोक तीच ओळ म्हणायचे. आपण कडेला उभं राहून हात हलवून त्यांना अजून चढवायचो, हेही त्याला आठवलं.

"बंद कर त्ये," मोहनराव शिवमला म्हणाले. ते कुणाकडं न बघता मागच्या दारानं बाहेर गेले.

दीपकनं मुलीचा हात धरला. "चल इरा. गाडी चुकंल."

"पोरगी जेवली न्हाय अजून."

राजलक्ष्मी हॉलमध्ये आली होती. लग्नात नेसावी तशी हिरवी साडी, गळ्यात मंगळसूत्र, हाताला कणीक. नऊ वर्षांत नवऱ्याशी बोललेलं हे तिचं पहिलं वाक्य. दीपक काहीतरी पुटपुटला. ती थांबली नाही. इराला घेऊन आत गेली, पाटावर बसवली, पानात दोन पुऱ्या आणि बटाट्याची भाजी वाढली. "तिखट चालतंय का गं?" इरानं मान हलवली. राजलक्ष्मीनं वरून दही घातलं.

आबा खुर्चीतून हे सगळं बघत होते. त्यांनी विराजला जवळ बोलावलं. नुसताच नातवाच्या मनगटावर हात ठेवून बसले. त्यापेक्षा शिव्या दिल्या असत्या तर बरं, असं विराजला झालं.

मागच्या अंगणात भांड्यांच्या ढिगाजवळ आईनं त्याला गाठलं.

"त्या दोघास्नी सोडून ये. तात्यांची गाडी घे."

"आई, मी त्ये गाणं तुझ्यासाठीच..."

"नगं सांगू." ती नळाखाली हात चोळत होती. कणीक केव्हाच निघून गेली होती. "लोकं येत्यात, म्हणत्यात पोरानं आईची बाजू घेतली. मी हसती. काय करू? इतकी वर्सं मी शेजारणीस्नी सांगत हुते, ह्यांची नोकरी इंदापूरला हाय म्हणून. त्यास्नीबी खरं ठावं हुतं. पर कुणी कधी तोंडावर काढलं न्हाय. संक्रांतीला वाणाला बोलवायच्या. आता बोलवायच्या आधी एकमेकीकडं बघत्यात."

"मला म्हायती नव्हतं."

"तू इचारलं न्हाईस." तिनं नळ बंद केला. "आन् मी बी बोलले न्हाय. तुझं नाव व्हायला लागलं हुतं. मला वाटलं, माझं काय, हुदे." मग पदराला हात पुसत ती म्हणाली, "पर त्या लेकराचं तोंड बघितलंस का? कसं मिटून घेतलं तिनं."

गाडीत इरा पुढं बसली. दीपक मागं, खिडकीशी. भवानीनगर गेलं, लासुर्णे गेलं. दोन्हीकडं तुरे आलेला ऊस. मग इरा म्हणाली, "दादा, मी दम बरोबर घेतला का?"

दादा. विराजला गिअर बदलायचं निमित्त बरं मिळालं. "माझ्यापेक्षा बरोबर घेतलास."

"मी शाळेतबी म्हणती. बाई म्हणल्या, दुसरं गाणं म्हण. पर पोरं म्हणत्यात ह्येच म्हण."

"मग ती ओळ..." त्याला पुढं विचारवेना. पण विचारलं. "शाळेतबी गाळतीस?"

"व्हय. ती माझ्या आईची हाय न्हवं." तिनं अगदी साधेपणानं सांगितलं. "पर मी गप बसले की पोरंच म्हणत्यात ती. सगळी मिळून."

विराजनं गाडी कडेला घेतली, काच खाली केली आणि उगाचच आरसा नीट केला. आरशात बाप दिसला. तोही त्याच्याकडंच बघत होता.

"माझं जे म्हणलायस त्ये बराबर हाय," दीपक म्हणाला. "मी आलोच म्हणालो हुतो. त्ये तू म्हण, कुठंबी म्हण. माझं काय म्हणणं न्हाय." त्यानं घसा साफ केला. "तिला मात्र ठावं नव्हतं. मला बायको-पोरगं हाय, हे तिला इरा पोटात असताना कळलं. मी सांगितलं नव्हतं."

विराजनं गाडी परत रस्त्यावर घेतली. ज्या रागावर तो इतके दिवस उभा होता, तो खरा होता. बापानंच तो आता खरा म्हणून कबूल केला होता. आणि तरी त्याला गाडीतून उतरून कुठंतरी उसात शिरावंसं वाटत होतं.

निमगाव केतकीच्या पुढं वरकुट्याचा रस्ता लागला. घर रस्त्यालाच होतं, दोन खोल्यांचं, पत्र्याचं. दारात गोधडी वाळत घातलेली. आतून शिलाई मशीनचा आवाज येत होता. इरा उडी मारून उतरली आणि ओरडतच पळाली, "आई, दादा आलाय! आपला दादा!"

मशीन थांबलं. अनसूया बाहेर आली. गळ्यात टेप, डोळ्यांवर चष्मा, कानाजवळचे केस पिकलेले. तीच ती. त्याच्या गाण्यातली बाई अशी नव्हती. गाण्यातल्या बाईला चेहराच नव्हता.

हिला हाक काय मारायची? विराज उंबऱ्याबाहेर उभा राहून शब्द शोधत होता. इतकी वर्षं हिच्यासाठी त्याच्याजवळ एकच शब्द होता, आणि तो सगळ्या जिल्ह्याला पाठ झाला होता.

"मावशी," तो शेवटी म्हणाला. "मी विराज."

"वळखते. पोस्टर लागलं हुतं इंदापुरात." तिचा आवाज शांत होता. तिनं दीपककडं बघितलं, तो मान खाली घालून आत गेला. इरा त्याच्यामागं गेली.

"मावशी, माझं चुकलं. मी ती ओळ काढून टाकतो. गाणंच काढतो."

"कुठनं काढशील? पोरांच्या तोंडातनं?"

विराजनं खिशातला फोन काढला आणि परत आत ठेवला.

"एक इचारते," अनसूया म्हणाली. "मला गाण्यातलं कळत न्हाय. तितं दुसरा शब्द बसला नसता का?"

"बसला असता."

"मंग सापडला न्हाय व्हय?"

"शोधला न्हाय," विराज म्हणाला.

तिनं मान हलवली. रागानं नाही. कापड कुठं कमी पडलं ते कळल्यावर शिंप्यानं हलवावी तशी. "उद्या एका पोरीची हळद हाय, तिचं बिलाऊज द्यायचं हाय. मला बसाय येळ न्हाय. तू बस हितंच. चहा देती." तिनं आत ये म्हटलं नाही, आणि तिनं म्हणावं असं त्यालाही वाटलं नाही. तो पायरीवर बसला. चहा आला. आत मशीन परत चालू झालं.

उन्हं उतरली होती. कारखान्याकडं निघालेला उसाचा ट्रॅक्टर वळणावरून आला, मागं दोन ट्रॉल्या, टपावर मोठे स्पीकर. आवाज आधी दुरूनच ओळखू आला. 'आलोच'. अनसूयाच्या घराशी येताना ड्रायव्हरनं सवयीनं वेग कमी केला आणि आवाज वाढवला. मग त्याला पायरीवर बसलेला माणूस दिसला. पोराचे डोळे मोठे झाले. साक्षात विराज! त्यानं दात दाखवत अंगठा वर केला आणि त्याच्या मानासाठी आवाज आणखी वाढवला.

उठून ओरडावं, ट्रॅक्टर थांबवावा, पेनड्राईव्ह उपटून फेकावा, सगळं विराजच्या मनात आलं. पण त्या ट्रॅक्टरच्या मागं दुसरा असणार होता, आणि त्याच्या मागं आणखी. तो उठला नाही. आत निघूनही गेला नाही. रस्त्यावरून जाणाऱ्या सगळ्यांना दिसेल असा तो त्या पायरीवर कप धरून बसून राहिला.

गाडी सुटली इंदापूरची, धूर माझ्या डोळ्यात, स्पीकर म्हणाला.

आत मशीन थांबलं.

ती ओळ आली. दारावरून, पत्र्यावरून, वाळत घातलेल्या गोधडीवरून पुढं गेली. ट्रॉलीतून सुटलेली उसाची वाढं मागं रस्त्यावर पडत राहिली. आवाज निमगावच्या बाजूला लांब लांब गेला.

मग आत मशीन परत सुरू झालं. त्याच्या थांबण्यात आणि सुरू होण्यात इतकी सवय होती, की विराजनं अर्धा चहा तसाच पायरीवर ठेवला.